छातीपर्यंतचा जावई

उधवा, १२ जानेवारी २०२५

नाही, फाडलं नाही. चुलीतही घातलं नाही. चिठ्ठीत पहिलाच प्रश्न तो तुझा, म्हणजे आईवर केवढा तो भरवसा! तुझा माणूस धडधाकट आहे. रविंद्र सरांनी नाशिकहून येताना त्याला गाडीच्या मागच्या सीटवर नीट बसवून आणला, पट्टा लावून. मी म्हटलं, "सर, पाव्हण्याला चहा ठेवू का?" सर हसले नाहीत. मास्तर लोक सुट्टीच्या दिवशीही हसत नाहीत.

आणि हे लिहायचं खूळ बरं काढलंस. "फोनवर तू भांडतेस आणि मी रडते, म्हणून आता कागदावर बोलू." चालेल. कागदावर तुला मधेच तोंड घालता येत नाही, हे मला फार आवडलं. सातवीपर्यंतचं शिक्षण शेवटी कामाला आलं.

तर तुझं म्हणणं मला कळलं ते असं. मी विपुलला भेटायला तयार नाही, मग निदान त्याला बघावं, म्हणून तू स्वतः त्याचं चित्र रंगवून पाठवलंस. ते बघायचं आणि होळीच्या आत हो की नाही ते सांगायचं. नाही म्हटलं तर तुम्ही दोघं डहाणूला कचेरीत जाऊन सह्या करणार, आणि मग तू उधव्याला पाऊल टाकणार नाहीस. धमकी चांगली आहे. माझ्याकडूनच शिकलीस.

बघितला. ऐक आता.

डोळे बरे आहेत. भुवया मधे जुळल्यात, म्हणजे हट्टी. कान बाहेर आलेत, ते चांगलं, नवऱ्याला कान असावेत. गळ्यावरची उन्हाची रेघ बरोबर काढलीस, शर्टाच्या वर काळा आणि आत गव्हाळ. बोटीवर जाणारा माणूस आहे हे लपवलं नाहीस, तेवढा प्रामाणिकपणा केलास. सुट्टीत वरोरला बोटींवर नावं रंगवायला गेलीस ती बोटीचं नाव रंगवून थांबायचं, तर बोटवालाच रंगवून घेऊन आलीस.

पण तोंड? ते काय आहे शितल? खालचा ओठ आत ओढलेला, कोपरा दाबलेला. जसा घास घशात अडकलाय आणि पाणी मागायची लाज वाटतेय. आजारी आहे का हा? पितो का? की आधीची बायको आहे कुठं? एवढ्या तरण्या पोराचं तोंड असं असतं का? काहीतरी लपवतोय हा. मी सांगते तुला.

आणि दुसरी तक्रार. हा छातीपर्यंतच आहे. खाली काहीच नाही. आपण भिंतीवर पिठानं काढतो त्या माणसांना कधी नाकडोळे असतात का? डोक्याच्या जागी नुसतं गोल टिंब. तरी लांबून कळतं कोण नाचतंय, कोण दमलंय, कोण कोणावर रुसलंय. कशावरून? पायांवरून. तू एवढीशी होतीस, तांदळाचं पीठ कालवून माझ्याशेजारी भिंतीला बसायचीस, तेव्हा मी हेच सांगायचे, पाय नीट काढ, माणूस आपोआप उभा राहतो. आणि आता कॉलेजात जाऊन पायच कापून आलीस.

पाय नसलेल्या माणसाला मी हो म्हणणार नाही. नाहीसुद्धा म्हणत नाही अजून. सध्या तो भाताच्या कणगीमागे भिंतीकडे तोंड करून उभा आहे. शाळेत तू उभी राहायचीस तसा.

जिच्यावर तुझा भरवसा नाही ती,
आई


उधवा, २६ जानेवारी २०२५

भिकी काकीचा फोन आला असेल तर तो उचलू नकोस, आधी हे वाच. तिच्या तोंडून ऐकशील तर वाटेल मी गावजेवण घातलं.

झालं असं. कणगीमागे उंदीर आहेत. उंदरानं फ्रेमचा कोपरा कुरतडला. म्हणून मी चित्र भिंतीवर टांगलं. उंदरामुळे. दुसरं कारण काढत बसू नकोस. रिकामा खिळा घरात एकच, तुझ्या बापाच्या फोटूशेजारचा. तिथं टांगलं.

आता तूच सांग, आपल्या पाड्यात एवढा मोठा, काच लावलेला माणूस भिंतीवर कधी चढतो? जिवंत माणसं मोबाईलमध्ये असतात. भिंतीवर जातो तो गेल्यावरच. मला काय माहीत नव्हतं? पण उंदरांच्या नादात डोक्यातच आलं नाही.

भिकी झेंडावंदन करून येत होती. दारातून आत बघितलं. शुक्राच्या फोटूला हार, त्याच्याशेजारी हा तरणाताठा पोरगा, तोंड हे असं पाडलेलं. तशीच परत गेली. मला वाटलं काही विसरली. थोड्या वेळानं आली ती झेंडूची माळ, अगरबत्ती आणि नारळ घेऊन, आणि मागे निम्मा पाडा. पोरांच्या हातात अजून कागदी झेंडे होते. सगळे गप्प येऊन बसले. भिकीनं चित्राखाली बसकण मारली आणि सूर लावला.

"अगो बाय! काय हे वय! कोणाचं लेकरू गो!"

मी भाकरी थापत होते. काकड्या बाबानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि हळूच विचारलं, "कसा गेला?"

"कोण गेला?"

"तो पोरगा."

"कुठं गेला?"

काकड्या बाबानं भिकीकडे बघितलं. भिकी म्हणाली, "तिला धक्का बसलाय. बोलू द्या तिला."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मला जे हसू आलं ते आवरेना. भाकरी तव्यावर जळली. मी हसते तशा बायका जास्त रडतात. एक म्हणाली, "शुक्राच्या वेळीपण अशीच झालेली." झाले नव्हते. पण सांगणार कोणाला, तोंडात पदर कोंबलेला.

तेवढ्यात भिकी उठली. माळ दोन्ही हातांनी धरून टाचा उंच केल्या, त्याच्या गळ्यात घालायला. आणि शितल, तिथं माझं हसू थांबलं. एकदम. मी पिठाच्या हातांनी तिचं मनगट धरलं आणि ओरडले, "माळ घालू नको! जिवंत आहे तो!"

"मग कोण आहे?"

"जावई आहे माझा!"

काकड्या बाबानं टोपी परत डोक्यावर घातली आणि म्हणाला, "मग चहा ठेव."

नारळ आणलाच होता, तो फोडला, गूळ घालून वाटला. माळ भिकीनं माझ्या शेळीच्या गळ्यात घातली, तिनं ती खाल्ली. आता पाडाभर झालंय की रूपीकडे साखरपुडा झाला, फक्त नवरी हजर नव्हती आणि नवरा छातीपर्यंतच होता.

हे मी तुला हो म्हटलेलं नाही. नीट वाच. माळ थांबवायला तोंडात आलं ते बोलले. जिवंत माणसाच्या गळ्यात कोणी तसली माळ घालत असेल तर काहीही बोलावं लागतं.

आई


उधवा, ९ फेब्रुवारी २०२५

"पायांचे वेगळे पैसे पडतील" म्हणे! वाचून ठसका लागला मला. भिकी पाणी घेऊन आली आणि वर विचारते, "काय लिहिलंय गो?" मी म्हटलं, "जावयाचे पाय महाग आहेत."

पण दुसरं जे लिहिलंस, "आई, तो दुःखी नाही, त्याचा चेहराच तसा आहे," ते मला पटत नाही. तसा चेहरा घेऊन कोणी जन्माला येत नाही. इथं आता जो येतो तो तुझ्या माणसाला तपासतो. कोणी घरात पाऊल ठेवलं की आधी त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. भिकी म्हणते तो भुकेला आहे. जेवायला बसली की भातावर आमटी ओतता ओतता त्याला सांगते, "ये रे, बस." काकड्या बाबा म्हणतो पोटात जंत आहेत, वावडिंग द्या. दवाखान्यातली चंद्रिका सिस्टर लसीकरणाला आली होती, ती म्हणाली रक्त कमी दिसतंय, गोळ्या देऊन ठेवू का? दे म्हटलं, मला लागतील. रविंद्र सर दोन पावलं मागे सरले, मान वाकडी केली आणि म्हणाले, "यात आजच्या तरुण पिढीची अस्वस्थता आहे." मी विचारलं, "सर, ती कुठल्या बाजूला आहे? मला ओठच दिसतात." या वेळी सर हसले. थोडे.

मी अजून माझ्या मतावर आहे. हा काहीतरी लपवतोय. सकाळी चूल पेटवताना मी त्याला विचारते, "काय रे, सांगतोस का?" सांगत नाही. तुझ्या बापाचा फोटू तरी बरा, तो डोळे वटारून बघतो.

ते आठवलं म्हणून लिहिते. नवीन माणूस शुक्राचा फोटू बघून म्हणतो, कडक होते वाटतं. शुक्रा आणि कडक! तू चिखलात लोळून आलीस तर तुला ओरडायचं सोडून स्वतः लोळणारा माणूस. तो फोटू खलाशाच्या कार्डावरचा. काढणारा साहेब "हलू नको" म्हणून खेकसला म्हणून डोळे असे. मग तलासरीच्या स्टुडिओवाल्यानं मोठा करताना वर कोट चढवला, "चांगला दिसतो" म्हणून. जन्मात कोट घातला नाही बिचाऱ्यानं. आता कायमचा घालून बसलाय, उन्हाळ्यातसुद्धा. चित्रावरून माणूस ओळखा म्हणतेस! मग मी काय ओळखायचं, माणूस की वर चढवलेला कोट?

आणि तू जे विचारलंस त्याचं उत्तर. हो, बाबांमुळेच. तुझा बाप गुजरातच्या सेठच्या बोटीवर गेला तो चालत, आणि आला तो बर्फाच्या पेटीतून. तू नववीत होतीस, तुला सगळं आठवतं. दर्यावर जाणाऱ्या माणसाला मी पोर देणार नाही, याला आणखी कारण लागतं का? इथं कोणालाही विचार. मी हे बोलले की भिकी मान हलवते, काकड्या बाबा मान हलवतो. सरांनीसुद्धा हलवली. बरोबर आहे रूपीचं, म्हणतात.

होळीला अजून वेळ आहे. पाय पाठव. पैसे देईन.

आई


उधवा, २० फेब्रुवारी २०२५

काही विशेष नाही. डहाणूला गेले होते. सुके बोंबील आणले. कुठून आणले ते विचारू नकोस, सगळीकडे मिळतात.

मी वासाला नाक मुरडते म्हणून तू हसशील. हस.

भिकीनं तुला कळवलंच आहे की भिंतीवर चित्र नव्हतं. काच पुसायला काढलं होतं. आता जागेवर आहे. या बाईला स्वतःच्या घरात काही काम नाही का, ते तिला फोन करून विचार.

कचेरीत जाण्याची घाई करू नकोस. एवढं लिहायलाच कागद घेतला.

आई


उधवा, ५ मार्च २०२५

काच पुसायला नव्हतं काढलं. पोत्यात घालून वरोरला नेलं होतं. त्याचे पाय बघायला.

रागावू नकोस, आधी पुढचं वाच. तू पाय पाठवत नव्हतीस, होळी जवळ येत होती, आणि तो चोवीस तास भिंतीवरून माझ्याकडे बघत होता. मग एक दिवस उठले, पोतं उचललं. उधव्याहून जीपनं डहाणू, तिथून टमटम. टमटममध्ये शेजारची बाई विचारते, "आरसा आहे का?" मी म्हटलं, "पोरगा आहे." ती उतरेपर्यंत सरकून बसली.

वरोरला किनाऱ्यावर बांबूच्या दांड्यांना बोंबील वाळत घातलेले, एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात अडकवून. खाली बायका बसून टोपल्या भरत होत्या. मी विचारलं, "विपुलची आई कोण?" एक धिप्पाड बाई, नाकात मोठी चमकी, उभ्यानं बोंबील उतरवत होती, ती मागे न बघता म्हणाली, "मी प्रभा. का गो?"

मला बाई आवडली नाही. आधी बोंबीलच घेतले तिच्याकडून. भाव करताना माणूस कळतो. तिनं एक पैसा कमी केला नाही, वर दोन मूठ बोंबील जास्त टाकले आणि म्हणाली, "खाऊन बघ, मग भांड." मग विचारलं, "कुठून आलीस?"

"उधव्याहून."

"एवढ्या लांबून बोंबील न्यायला?"

"नाही, तुला एक दाखवायचंय." आणि मी पोत्याचं तोंड सोडून चित्र बाहेर काढलं.

शितल, मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा केला असेल, पण हा पहिल्या नंबरचा. प्रभाचे हात थांबले. ती होती तिथं वाळूत बसली. मला कळेना काय झालं. मी त्या बायकांकडे बघितलं, मग त्यांच्या नजरेतून स्वतःकडे बघितलं. ज्याची बोट अजून किनाऱ्याला लागली नाही त्याचा काचेतला मोठा फोटू घेऊन एक परकी बाई, कपाळ मोकळं, त्याच्या आईसमोर उभी. भिकीला मी एवढे दिवस हसले, आणि भिकीनं तरी परक्या पोरासाठी सूर लावला होता. मी तर त्याच्या आईकडेच घेऊन गेले.

मी पोतं फेकलं आणि ओरडले, "जिवंत आहे! जिवंत आहे तो! मी सासू आहे त्याची!"

प्रभानं हातातला बोंबील मला फेकून मारला. गालावर बसला. "पोत्यात घालून जावई आणतात का गो, मेले!" आणि मग तिला रडू फुटलं, आणि त्याच्यातच हसू, आणि मला पण. बाकीच्या बायका दोघींना पाणी पाजत होत्या आणि दोघींना शिव्या देत होत्या.

जरा जिवात जीव आला तसं तिनं चित्र मांडीवर घेतलं. वाळू पुसली पदरानं. म्हणाली, "डोळे माझ्या विपुलचे. कान त्याच्या बापाचे, हे वटवाघळासारखे. पण तोंड कोणाचं लावलंय?"

"त्याचंच असेल की."

"नाय गो. हा असा ओठ ओढत नाय. याचं तोंड मिटतच नाय, बोलून बोलून." आणि तिनं मोबाईल काढून दाखवलं. जाळ्यावर बसलेला, टोपी उलटी घातलेला, लग्नात नाचणारा. सगळीकडे दात. तू लिहिलं होतंस, तो समोर बसला नव्हता, दिवाळीनंतर मोबाईलवरच्या फोटूंवरून काढलंस. फोटूंत तर तो हसतोय. मग ते तोंड आलं कुठून?

मी परत चित्राकडे बघितलं. खालचा ओठ आत, डावा कोपरा दाबलेला. दिवाळीत तू त्याचं नाव घेतलंस, मी ताट सरकवलं, आणि तू उठलीस. दारात वाकून चप्पल घालत होतीस तेव्हा तुझं तोंड असंच होतं. मी चुलीजवळून बघत होते. ते बघितलं आणि तुला हाक मारली नाही. मग इतके दिवस भिंतीवर तेच तोंड बघत भात रांधला, भाकऱ्या थापल्या, आणि विचारत राहिले, काय रे, काय लपवतोस? अख्खा पाडा त्या बिचाऱ्याला वावडिंग आणि गोळ्या देत होता, आणि रडू माझ्या पोरीचं अडकलेलं होतं.

तुला कळलं का गं काढताना? नसेल कळलं. हात करत गेला असेल.

मी प्रभाला सांगितलं, "हे तोंड माझ्या शितलचं आहे." ती चित्राकडे बघून म्हणाली, "मग बाय फार रडवलंस गो पोरीला." एवढंच बोलली. बोंबील पुन्हा मारला असता तर कमी लागलं असतं.

मग बोट आली. गुडघाभर पाण्यात एक जण उतरला, चड्डी वर दुमडलेली, पायांच्या नुसत्या काड्या. बगळा. पण उभा कसा होता सांगू? लाट येत होती, त्याच्या मागचा माणूस डुलत होता, हा दोर धरून एका जागी. पाय वाळूत रोवलेले आणि वरचं सगळं अंग मोकळं, बडबड चालूच. आपल्या भिंतीवर असाच माणूस काढते मी, ज्याच्या हातात ढोल द्यायचा असतो. म्हटलं, हं.

प्रभानं हाक मारली. तो आला, मला बघितलं, माझ्या हातातलं चित्र बघितलं, आणि त्याच्या तोंडाचा आ झाला. मग म्हणतो, "तुमीच का त्या? शितल बोलली होती, आईला पाय बघायचेत." आणि तिथंच सगळ्यांसमोर एक पाय उचलून पुढं केला. "हा डावा." मग दुसरा. "हा उजवा. बोटं मोजून घ्या, मावशी, पाच-पाच आहेत."

मी म्हटलं, "स्वच्छ नाहीत."

"मासळी स्वच्छ आहे, तेवढं बघा."

पाया पडायला वाकला तर मी ओरडले, आधी हात धू, माझ्या लुगड्याला खवले लावू नकोस. हात धुऊन परत आला आणि परत वाकला. मुकाट्यानं. हट्टी आहे, भुवया बरोबर काढल्यास.

जेवायला थांबवलं त्यांनी. जेवताना मी प्रभाला विचारलं, "तुला भीती नाही वाटत? रोज?" ती भात वाढत होती. म्हणाली, "वाटते की. बोट दिसेपर्यंत घास गिळत नाय मी. म्हणून काय त्याला खुंटीला बांधून ठेवू?" आणि माझ्या ताटात आणखी भात टाकला. मला बाई आवडायला लागली ती तिथं.

त्या दिवशी परत येताना पोतं तेवढंच होतं, बोंबील वर आणखी होते, पण मला ओझं लागलंच नाही. टमटममध्ये झोप लागली. किती दिवसांनी अशी लागली. ड्रायव्हरनं उठवलं.

तुला लगेच कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू मधे पडली असतीस. विपुललाही शपथ घातली, शितलला एक अक्षर सांगायचं नाही. त्याचं पोट फुगलं असेल बिचाऱ्याचं. परवा प्रभा इथं येऊन गेली. भिकीनं दारात येऊन तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला आत ओढून विचारलं, "ही पण जिवंत आहे ना?" काकड्या बाबानं चहा मागितला. प्रभानं तुझ्या बापाच्या फोटूला हार घातला आणि त्याच्या कोटाकडे बघून म्हणाली, "गरम होत नाय का यांना?" शुक्रा असता तर लोळून हसला असता.

तर मी हो म्हणून बसले आहे. अक्षय तृतीयेला मांडव, आपल्या अंगणात. भिंतीवर लग्नाचा चौक लिहायला भिकी आणि तिच्या दोन सुना. तुला विचारलं नाही. तू तरी कुठं मला विचारून बोट रंगवायला गेली होतीस? कचेरीतल्या सह्या नंतर करा, कागद लागतोच हल्ली सगळ्याला. होळीच्या आधी घरी ये. रंग घेऊन ये आणि त्या चित्राचं तोंड पुसून त्याचं स्वतःचं काढ, दातांसकट. तसं मी ते भिंतीवर बघू शकत नाही आता.

आणि एक राहिलं. हे मी प्रभाला सांगितलं नाही, भिकीलाही नाही.

दर्याची भीती नाही मला. शुक्रा गेला तेव्हा होती, ती केव्हाच विझली. लोकांनी मान हलवली, मी हलवू दिली. मेलेल्या नवऱ्याचं नाव पुढं केलं की कोणी उलट विचारत नाही, तूसुद्धा विचारलं नाहीस. नाशिकला शिकणारी पोर सुट्टीला आपल्या घरी येते. लग्न झालेली पाव्हणी म्हणून येते, आणि संध्याकाळची जीप चुकेल म्हणून घड्याळ बघते. वरोरच्या बोटवाल्याच्या जागी शेजारच्या पाड्यातला मास्तर आणला असतास, तरी मी त्याच्यात खोट काढली असती. पाय दिसले असते तर हात नीट नाहीत म्हटलं असतं.

मला तुला कोणालाच द्यायचं नव्हतं.